झोपेच्या औषधाची पारख

सर्पगंधा या वनस्पतीचे मूळ आपल्या देशात फार पूर्वीपासून झोप न येणे, चित्तभ्रम अशा तक्रारींवर दिले जात असे. याच मुळाचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर तपासले आणि आपले निष्कर्ष १९४९ साली प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५२ साली त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

डॉ. वकिलांना एक मोठी सोय होती. रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजता येतो. झोपेचे औषध पारखायचे, तर झोप कोणत्या मापाने मोजायची?

झोपेचे मोजमाप

“रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही,” असे सांगणारा माणूस प्रत्यक्षात काही तास झोपलेलाही असू शकतो. तो खोटे बोलत नसतो. झोपेत काळाचे भान राहत नाही, एवढेच. म्हणून उपकरण हवे. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत तरंग प्रथम नोंदवले. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा हा दाब साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे विजेरीतील दीड व्होल्टच्या सेलचा तीस हजारावा भाग! डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जाग्या माणसात सेकंदाला ८ ते १३ तरंग दिसतात. गाढ झोपेत ते संथ व उंच होतात. या आलेखावरून झोप लागायला किती मिनिटे लागली, किती वेळा जाग आली, हे कळते. जोडीला रुग्णाने लिहिलेली रोजची नोंदही घेतात. कारण सकाळी ताजेतवाने वाटले की नाही, हे यंत्र सांगत नाही.

तुलना कशाशी?

समजा, एका रुग्णगटाला झोप लागायला सरासरी ६० मिनिटे लागत होती. नवी गोळी घेतल्यावर ३५ मिनिटे लागली. मग औषधाने २५ मिनिटे वाचवली का? थांबा. तशाच दुसऱ्या गटाला हुबेहूब दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली आणि त्यांचा वेळ ४५ मिनिटांवर आला. म्हणजे १५ मिनिटांचा फरक विश्वासाने व इतर कारणांनी पडला. औषधाचे श्रेय फक्त १० मिनिटांचे. कोणाला कोणती गोळी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात आणि ते रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही गुप्त ठेवतात.

सुरक्षितता

थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ साली निर्धोक म्हणून विक्रीस आले. गर्भवती स्त्रियांनी ते घेतले आणि जगभरात सुमारे दहा हजार बालके हातापायांची वाढ खुंटून किंवा अन्य व्यंगे घेऊन जन्मली. १९६१ साली तेथील विक्री थांबली. यानंतर अनेक देशांनी औषध-चाचण्यांचे नियम कडक केले.

सकाळचाही हिशेब हवा. किरणोत्सारी पदार्थाप्रमाणे शरीरातील औषधालाही अर्धायुकाल असतो. तो ४ तास असेल, तर रात्री दहाला घेतलेल्या गोळीचा पाव भाग सकाळी सहाला उरतो. ८ तास असेल, तर निम्मा. झोल्पिडेम या औषधाचे प्रमाण काही स्त्रियांच्या रक्तात सकाळीही जास्त राहते, असे आढळल्यावर अमेरिकेत २०१३ साली स्त्रियांसाठीची मात्रा निम्म्यावर आणली गेली. सोलापूर-धुळे महामार्गावर पहाटे गाडी काढणाऱ्याच्या दृष्टीने हा उरलेला अंश जिवाचा प्रश्न आहे.

नवा मार्ग

जुनी बहुतेक औषधे मेंदूला सरसकट मंदावतात. १९९८ साली ओरेक्सिन हे जागे ठेवणारे रासायनिक दूत सापडले. त्यांचा संदेश अडवणारे सुवोरेक्संट अमेरिकेत २०१४ साली मान्य झाले. कल्पना नवी असली, तरी कसोट्या त्याच.

रात्रीच्या पाळीत वीज येते म्हणून पंप सुरू करायला जागणाऱ्या शेतकऱ्याला निद्रानाश झालेला नसतो. त्याला झोपायला वेळच मिळत नाही. त्यावर गोळी हा उपाय नव्हे. आपल्याकडे झोल्पिडेम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत, त्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल.

सोडवून पाहा : एका औषधाचा अर्धायुकाल २४ तास आहे. रोज रात्री एक गोळी घेतली, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी शरीरात किती औषध उरलेले असेल? पहिल्या दिवशी अर्धी गोळी. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी? हा आकडा कोठे जाऊन स्थिरावतो?