दोन विद्यार्थी, ३२ किलोबाइट आणि २०४८ ग्रह

संगणकावरील खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, ही पालकांची तक्रार आम्हां शिक्षकांना नवी नाही. आणि बहुतेक वेळा ती रास्तही असते. तथापि खेळ खेळणे वेगळे आणि तो घडविणे वेगळे. ‘एलिट’ नावाचा अंतराळ-प्रवासाचा खेळ केंब्रिजमधील दोन विद्यार्थ्यांनी कसा उभा केला, हे पाहिले म्हणजे या दोहोंतील अंतर ध्यानात येते.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांची गाठ १९८२ मध्ये केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात पडली. त्यांच्यामागे कोणतीही कंपनी नव्हती. ब्रेबेनने आपल्या घरच्या ‘एकॉर्न अ‍ॅटम’ या लहानशा संगणकावर रेषांनी काढलेली अंतराळयाने फिरती केली होती. बेल गणिताचा विद्यार्थी. पुढील काम त्यांनी ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकावर केले. ब्रिटनमधील शाळांतून तेव्हा हाच संगणक सर्वत्र दिसे. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. प्रस्तुत लेख देवनागरीत संगणकावर साठविला तरी त्यालाच सुमारे दहा-बारा किलोबाइट लागतील! त्या ३२ मध्ये पडद्यावरील चित्र, आज्ञावली आणि खेळातील सारे जग बसवायचे होते.

पहिली अडचण चित्राची. रेषांनी काढलेल्या यानाच्या मागच्या कडाही पुढून दिसू लागतात आणि आकृतीचा गुंता होतो. काड्यापेटी हातात धरून फिरवून पाहा. एका वेळी तिची तीनपेक्षा अधिक पृष्ठे दिसत नाहीत. जे पृष्ठ आपल्याकडे तोंड करून आहे तेवढेच दिसते; आणि एखादी कडा दिसण्यासाठी तिला लागून असलेल्या दोन पृष्ठांपैकी निदान एक दिसावे लागते. एवढा हिशेब संगणकाला झटपट करता येतो. मात्र ज्या आकाराला कोठेही खळगा नाही, अशाच आकाराला तो लागू पडतो. म्हणून एलिटमधील याने पैलू पाडलेल्या खड्यांसारखी आहेत. कलावंताची लहर म्हणून नव्हे, भूमितीची अट म्हणून ती तशी झाली.

याने उडू लागली; पण उडून करायचे काय? त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खेळाडूला तीन ‘जीव’ आणि गुण मिळत, आणि काही मिनिटांत खेळ आटोपे. या दोघांनी तो रिवाज सोडला आणि गुणांच्या जागी पैसा आणला. खेळाडूने शंभर ‘क्रेडिट’ घेऊन निघावे, शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्तात घ्यावे, औद्योगिक ग्रहावर विकावे, नफ्यातून यान सुधारावे, वाटेत लुटारूंशी झुंजावे. गुलाम आणि अमली पदार्थ यांचा बेकायदा व्यापारही त्यात होता आणि तो करणाऱ्याच्या मागे पोलीस लागत. पोलीस असोत वा नसोत, माणसांची खरेदी-विक्री खेळातही मला रुचत नाही. असा तासन्‌तास चालणारा खेळ एका मोठ्या कंपनीने नाकारला. पुढे ‘एकॉर्नसॉफ्ट’ने तो स्वीकारला.

व्यापार म्हटला की गावे पुष्कळ हवीत. प्रत्येक ग्रहाचे नाव, स्थान, राज्यव्यवस्था, उत्पन्न लिहून ठेवायला तीस बाइट धरले, तर २०४८ ग्रहांना ६१,४४० बाइट लागतील. संगणकाची एकूण स्मृती ३२,७६८. म्हणजे यादी करणे अशक्यच. तेव्हा त्यांनी यादी केलीच नाही. यादी निर्माण करणारा नियम तेवढा ठेवला.

तो नियम असा: तीन संख्या घ्या, त्यांची बेरीज करा, पहिली संख्या सोडून बेरीज शेवटी जोडा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. आपण लहान नमुना घेऊ. १२, ३५, ७८ या संख्या घेतल्या. बेरीज १२५, शेवटचे दोनच अंक ठेवायचे ठरविले, म्हणून २५. मग ३५, ७८, २५ यांच्या बेरजेतून ३८; पुढे ४१, ०४, ८३… मालिका विस्कळीत दिसते, पण जगात कोणीही या तीन संख्यांपासून आरंभ करो, त्याला हीच मालिका मिळेल. आता एकं स्थानावरून ग्रहाचा व्यवसाय ठरवा, दहं स्थानावरून राज्यव्यवस्था, की झाले. खेळात संख्या मोठ्या होत्या, परंतु तीन बीजसंख्यांना मिळून अवघे सहा बाइट पुरत. आपल्याकडे नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त (१३५६) मागील हव्या तितक्या पदांची बेरीज करून पुढचे पद काढण्याच्या पंक्ती मांडल्या आहेत, ही चाल त्याच जातीची.

नावेही याच बीजांतून निघत. रोमन अक्षरांच्या ठरलेल्या जोड्या होत्या. बीजातील अंक सांगतील त्या जोड्या क्रमाने लावायच्या. खेळ जेथून सुरू होतो तो ‘लेव्ह’ ग्रह अशाच दोन जोड्यांचा, एल-ए आणि व्ही-ई. नियमाचा तोटाही येथेच दिसतो. एका दीर्घिकेत एका ग्रहाचे नाव असभ्य निघाले. एकच नाव खोडावे, तर ते कोठे लिहिलेलेच नव्हते! अखेर ती अख्खी दीर्घिका टाकून द्यावी लागली.

आरंभी त्यांच्या मनात २ च्या ४८ व्या घाताएवढ्या दीर्घिका होत्या. तेवढ्या दाखविल्या तर सारे कृत्रिम वाटेल, असे प्रकाशकांचे म्हणणे पडले आणि ते मला पटते. शेवटी दीर्घिका आठच ठेवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. आठांचे गणितही सोपे आहे. वर्तुळात बसलेली आठ मुले एकेक जागा सरकावीत, तसे बीजाच्या प्रत्येक बाइटमधील आठ बिट एकेक जागा सरकवले की पुढची दीर्घिका तयार होते. सप्टेंबर १९८४ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा सात दीर्घिका ओलांडून आठव्यांदा झेप घेणारा प्रवासी पुन्हा पहिल्याच दीर्घिकेत येऊन पोहोचे.