फोन एकीच्या हातात, पैसा सगळ्यांचा

बचत गटाच्या बैठकीत पैसे मोजून झाले की सचिव वही वाचून दाखवते. कुणाची बचत आली, कुणाचा हप्ता राहिला, कर्ज कुणाला आणि कशासाठी दिलं, हे सगळं दहा-वीस जणींच्या कानांवर पडतं आणि मग ठरावाखाली सह्या, अंगठे होतात. सामूहिक पैशासाठी ॲप आखायला बसणाऱ्यांना हे वाचन वेळखाऊ वाटतं. मलाही वाटायचं. नोंद झटपट झाली आणि बेरीज चुकली नाही की हिशेब सुधारला, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, आणि छत्रपती संभाजीनगरात किंवा मराठवाड्यात कुठेही जे असं साधन बनवू पाहत आहेत, त्यांनी ती चूक पुन्हा करू नये म्हणून हे लिहिते आहे. वहीचं मोल आकड्यांत जेवढं, तेवढंच त्या आकड्यांना असलेल्या साक्षीदारांत आहे. बेरीज वाचवून साक्षीदार घालवले तर गट दुबळा होतो.

याला आधार बचत गटांच्या इतिहासातच आहे. नाबार्डने 1992 मध्ये 500 गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा या बायकांकडे तारण ठेवायला काही नव्हतं. तारणाची जागा घेतली ती गटाच्या शिस्तीने: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. या पंचसूत्रीत हिशेब बैठकीपासून वेगळा काढता येत नाही. भिशीही ओळखीवरच चालते. पहिल्या महिन्यात भिशी उचलणारा प्रत्यक्षात कर्जदार असतो, शेवटी उचलणारा बचत करणारा. पहिल्याला हप्ते बुडवायचा मोह होणारच, आणि त्याला अडवतो तो रोज समोर येणारा शेजारी किंवा कारखान्यात शेजारच्या मशीनवरचा सहकारी. अनोळखी माणसांची भिशी लावून देणारं ॲप हा शेजारी काढून टाकतं आणि त्याच्या जागी एक आठवणीचा संदेश ठेवतं. म्हणून अशी सोय मी कुणालाही सुचवणार नाही. भिशीचं संघटित रूप म्हणजे चिट फंड; त्यासाठी 1982 चा कायदा आहे, त्यात निबंधकाची पूर्वमंजुरी आणि तारण लागतं. व्यवहार फोनवर आला म्हणून ती गरज संपत नाही.

धुळे आणि झारखंडमधल्या रामगड जिल्ह्यात नाबार्डने 2015 मध्ये ई-शक्ती प्रकल्प सुरू करून गटांच्या वह्या संगणकावर आणल्या. व्यवहाराचा संदेश सदस्येच्या मोबाइलवर जावा, हा त्यातला चांगला विचार. पण नोंदवलेला नंबर कुणाचा असतो? अनेक घरांत तो नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. गटाच्या वर्तुळात जे उघड असतं, ते घरात झाकलेलं राहणं हाच कित्येक बायकांच्या बचतीचा आधार असतो. संदेशाने ते झाकण उडालं तर पुढच्या महिन्यात ती बाई गटातून बाहेर पडू शकते, आणि ॲपच्या अहवालात तिची नोंद 'निष्क्रिय सदस्य' एवढीच होते. पारदर्शकता कुणासमोर, हे ठरवल्याशिवाय तो शब्द वापरू नये. अमेरिकेत वेन्मो या पैसे पाठवायच्या ॲपने मित्रांमधली देवाणघेवाण मुळातच सर्वांना दिसेल अशी ठेवली होती. 2021 मध्ये पत्रकारांनी थेट राष्ट्राध्यक्ष बायडन यांचं खातं शोधून काढलं, आणि त्यानंतर ती सार्वजनिक यादी बंद झाली. आपल्याकडे थकबाकीदारांची नावं व्हॉट्सॲप गटावर टाकणारं ॲपही त्याच जातीचं. बैठकीत विचारलेला जाब चार भिंतींत राहतो, अडचण सांगायला जागाही मिळते. पडद्यावरचा जाब फिरत राहतो.

यूपीआय सर्कल ही 2024 ची सोय पाहून वाटू शकतं की सामूहिक पैशाचा प्रश्न सुटला. तिथे एका खातेदाराच्या पैशातून घरातली इतर माणसं मर्यादेत खर्च करू शकतात, किंवा प्रत्येक वेळी त्याची परवानगी घेऊन. म्हणजे मालक एक आणि खर्च करणारे अनेक. गटात नेमकं उलट असतं: मालक अनेक आणि हाताळणारी एक-दोघी. तो साचा उचलून गटाला लावला तर सचिव मालकीण होऊन बसेल. त्यापेक्षा बँकेच्या वतीने व्यवहार करणाऱ्या बँकमित्राकडची दुहेरी पडताळणी गटाच्या स्वभावाला धरून आहे. दोन पदाधिकाऱ्यांची ओळख पटल्याशिवाय खात्यातून पैसे निघत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की घोटाळे वह्यांतही होतात. होतातच. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरातल्याच एका पतसंस्थेत कोट्यवधींचा गैरव्यवहार उघड झाला आणि ठेवीदारांना रस्त्यावर उतरावं लागलं. पण तिथल्या ठेवीदाराने कर्जाची वही कधी ऐकलेली नसते. संस्था मोठी झाली की साक्षीदार संपतात आणि उरतं ते लेखापरीक्षण, तेही उशिरा. म्हणून हे उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. दुसरा आक्षेप वेगाचा: साक्षीदार टिकवायला ॲपने प्रत्येक नोंदीला सदस्यांचा होकार मागितला तर ते कोण वापरेल? बचतीच्या पन्नास-शंभर रुपयांना होकार मागू नये. कर्ज, खात्यातून काढलेले पैसे आणि जुन्या नोंदीतली दुरुस्ती, एवढ्या तीन गोष्टींनाच तो मागावा. दुरुस्तीत जुना आकडा पुसला जाऊ नये. वहीत तो आडवी रेघ मारून शिल्लक राहतो, तसाच पडद्यावरही राहावा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ॲपने त्या दिवसाच्या नोंदी बैठकीत मराठीत मोठ्याने वाचाव्यात. तोवर बैठक पूर्ण झाली असं धरूच नये.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. गटाकडून शुल्क मिळत नाही, म्हणून कंपनी कर्ज विकण्याकडे वळते आणि गटाच्या परतफेडीची माहिती तिचा माल होते. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये नियम करून कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधल्या संपर्कांच्या यादीला हात लावायची मनाई केली. पण गटाच्या ॲपला ती यादी चोरावी लागत नाही. कुणाची कुणाशी ओळख, कोण कुणासाठी जबाबदार, हे बायका स्वतःच तिथे लिहून देतात. त्या माहितीचा वापर गटाच्या ठरावाशिवाय होणार नाही, असा करार पहिल्याच दिवशी मराठीत लिहून गटाला द्यायला हवा. दर महिन्याला पूर्ण हिशेबाचा छापील कागदही द्यावा, म्हणजे उद्या कंपनी बंद पडली किंवा सचिवेचा फोन हरवला तरी गटाला पुढची बैठक त्या कागदावरून घेता येईल.