केनियात बिऱ्हाड करताना: माकड, साप, पाणघोडा आणि खर्चाचा हिशेब

नैवाशाच्या गुलाबमळ्यांवर किंवा पश्चिम केनियातल्या साखर कारखान्यात नोकरीला निघालेला माणूस पगार, परमिट, मुलांची शाळा, सगळं विचारून घेतो. घरात न बोलावता कोण कोण येतं, हे मात्र विचारत नाही. ते नेमणूकपत्रावर सही करण्याआधी विचारावं, कारण बराचसा खर्च कंपनीकडून करून घेता येतो. हिशेबासाठी एक केनियन शिलिंग म्हणजे साधारण सत्तर पैसे धरा.

पहिला खर्च जाळीचा. डासांची जाळी माकड एका ओढीत फाडतं. कॉफी वाळवायच्या ट्रेला लावतात ती तारेची जाळी हार्डवेअरच्या दुकानात ‘कॉफी ट्रे’ म्हणूनच मागायची. स्वयंपाकघराच्या खिडक्यांपुरती घेतली तरी चालते. फुंदी, म्हणजे गावातला कारागीर, ती बसवून देतो. मजुरी आधी ठरवा. त्याच्याकडूनच दारांखाली रबरी पट्टी ठोकून घ्या. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच, कारण उंदीर तिथूनच येतो आणि त्याच्या मागावर साप. धान्य झाकणाच्या डब्यात हवं. रात्री अंगणात जायचं तर बूट आणि बॅटरी हवी. पफ ॲडर हा विषारी साप वाटेत पडून राहतो, हलत नाही.

साप चावला तर खर्चाला अंत नसतो. प्रतिविषाची एक कुपी हजारो शिलिंगांची, आणि एका दंशाला अनेक कुप्या लागू शकतात. पैसे वाचवायला भारतातलं सीरम सोबत नेऊ नका. ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावरचं. आफ्रिकी सापांवर त्याचा भरवसा नाही. (आफ्रिकी सापांसाठीचं वेगळं सीरम आपल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावात बनतं. पण तेही दवाखान्यातच द्यायचं औषध आहे, कारण त्याची जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते.) पोहोचल्या आठवड्यातच जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष प्रत्यक्ष शिल्लक आहे ते विचारून ठेवा. थुंकणाऱ्या नागाचं विष डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

रेबीजची लस इथूनच घेऊन जा. भारतात एका मात्रेला साधारण चारशे रुपये पडतात. दोन की तीन मात्रा, ते डॉक्टर ठरवतील. लस आधी घेतलेल्याला कुत्रा किंवा माकड चावलं तर जखम धुऊन पुन्हा मात्रा घ्याव्याच लागतात, पण महागडं आणि खेड्यात दुर्मिळ असलेलं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. माझ्या मते या यादीतला सर्वांत फायद्याचा खर्च हाच.

विम्यात विमानाने रुग्ण हलवण्याची तरतूद आहे का ते पाहा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून ‘आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स’ची विमानं जातात, त्यांचं वार्षिक सदस्यत्व एका उड्डाणाच्या बिलापुढे किरकोळ आहे. पगारातून सरकारी आरोग्य विम्याचे 2.75 टक्के कापले जातात, पण त्यावर विसंबून विमानाची वाट पाहू नका.

नैवाशाला पाणघोडे रात्री तळ्यातून निघून हिरवळीवर चरायला येतात. त्यांच्यासाठी खर्च शून्य: दार लावून आत बसायचं. बाहेर जायचंच असेल तर अस्कारीला, म्हणजे राखणदाराला, विचारून. वन्यप्राणी ठाण मांडून बसला तर केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसला कळवा, ते काम त्यांचंच. ‘मी मारून देतो’ म्हणणाऱ्या कोणाला एक शिलिंगही देऊ नका. दंड आणि तुरुंग तुमच्याही वाट्याला येईल. 2013च्या कायद्याने वन्यप्राण्यामुळे मृत्यू झाल्यास 50 लाख, कायमचं अपंगत्व आल्यास 30 लाख आणि इतर दुखापतीला 20 लाखांपर्यंत शिलिंग भरपाई ठरवली. मात्र पैसे यायला वर्षं लागलेली उदाहरणं भरपूर आहेत. तक्रार लगेच नोंदवा, डॉक्टरांचा अहवाल जपा.

पावसाळ्यात सियाफू मुंग्यांची फौज घरात शिरली तर फवारणीवाल्याला बोलावू नका. तान्हं मूल, कोंबड्या, बांधलेला कुत्रा एवढं आधी बाहेर काढा आणि स्वतःही शेजारी चहाला जा. काही तासांत त्या झुरळं-ढेकूण फुकटात साफ करून निघून जातात.