हॉल बघितला, पनीर चाखलं, नेट राहिलं!

कॉलेजच्या टेक्निकल कॉन्फरन्ससाठी हॉटेल ठरवायला आम्ही तिघं गेलो होतो. हॉल बघितला, एसी बघितला, पनीरची भाजीसुद्धा चाखली. नेटचं विचारल्यावर मॅनेजर म्हणाले, "१०० एमबीपीएसची लाइन आहे, वाय-फाय फ्री." आम्ही खूश! वहीत टिक केली.

त्या दिवशी १५० जण आले. चहापर्यंत सगळं मस्त. नंतर एका ज्युनिअरचा लाइव्ह डेमो होता, सहा महिन्यांची मेहनत. लॅपटॉपवर सिग्नल फुल्ल, पण नेट गुल. बिचारा स्टेजवर घाम पुसत उभा. परीक्षकांनी दहा मिनिटं वाट बघितली आणि पुढचं नाव पुकारलं.

कारण संध्याकाळी कळलं. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला डीएचसीपी सर्व्हर एक आयपी पत्ता देतो. हॉटेलचा सबनेट मास्क होता २५५.२५५.२५५.०, म्हणजे २५४ पत्ते, त्यातला एक राउटरचाच. आमच्याकडे फोन आणि लॅपटॉप धरून झाली ३०० यंत्रं! वर लीज २४ तासांची, म्हणजे सकाळी रूम सोडून गेलेला पाहुणासुद्धा आपला पत्ता अडवून बसलेला. लाइन १०० ची असो नाहीतर १००० ची, पत्ताच नसेल तर पत्र येणार कुठे? मास्क २५५.२५५.२५२.० असता तर १०२२ पत्ते मिळाले असते. लीज अर्ध्या तासाची केली असती तरी बरंच भागलं असतं. पण सेटिंगचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो रविवारी सुट्टीवर!

म्हणून स्पीड विचारून थांबू नका. पत्ते किती, लीज किती, अपलोड किती हे विचारा (जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो). स्टेजपर्यंत केबल हवीच. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यामुळे भरलेल्या हॉलमध्ये नुसते राउटर वाढवून गर्दीच वाढते. ५ गिगाहर्ट्झ आहे का ते बघा.

इंटरनेटचे नियम ठरवणारी आयईटीएफ संस्था तर सभेची जागा निवडण्याचे निकषच लिहून ठेवते. आरएफसी ८७१८ (२०२०) मध्ये आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही, कुठलीही छेडछाड न करता, आणि नेटचे पर्यायी मार्ग घेता येणं सक्तीचं आहे.

आपला हॉटस्पॉट चालेल का, हेही आधीच विचारा. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचे हॉटस्पॉट मुद्दाम तोडले जात होते, आणि प्रदर्शकांना हॉटेलचं वाय-फाय एका यंत्रामागे २५० ते १००० डॉलरला विकलं जात होतं. २०१४ मध्ये एफसीसीने हॉटेल चालवणाऱ्या मॅरियट कंपनीला ६ लाख डॉलरचा दंड लावला. आपल्या मॅनेजरसाहेबांनी निदान फुकट तरी दिलं होतं!

यंदा हॉटेल बघायला त्या ज्युनिअरलाच पाठवलं. दोन तासांनी फोन आला, "दादा, लीज एक तासाची करून देतायत, लेखी. केबलपण ओढून देतील." पनीरचं विचारलं, तर म्हणाला, "ते बघायचं राहिलं."