घरातील वीजसाठा : निवड आणि हिशेब

धान्याच्या घाऊक व्यापारात आमची चाळिसाहून अधिक वर्षे गेली. पोत्याचे वजन बारदानासकट सांगितले जात आहे की बारदान वजा करून, हे विचारल्यावाचून आम्ही आजवर एकही सौदा केला नाही. परंतु घरासाठी बॅटरी घेताना नेमका हाच प्रश्न विचारण्याचे आम्हांस सुचले नाही, आणि त्याचा त्रास आमच्या थोरल्या वहिनींना एका रात्री सोसावा लागला. ती हकीकत व तीतून आम्ही शिकलेला हिशेब सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा पदार्थविज्ञानाचा अधिकार आम्ही सांगत नाही. वजनकाट्याचा अधिकार मात्र सांगतो.

आपल्या नेपानगरास विजेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. येथील कागद कारखान्याची स्थापना १९४७ साली झाली, १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. कागदाच्या यंत्रावरून धावणारा ओला पट्टा वीज क्षणभर खंडित झाली तरी तुटतो आणि मग सारे काम पुन्हा आरंभापासून जुळवावे लागते, हे कारखान्यात नोकरी केलेल्या आपल्या कितीतरी शेजाऱ्यांकडून आपण ऐकले आहे. घरातही तसेच असते. दिवा दहा मिनिटे नसला तर बिघडत नाही. पण काही उपकरणे अशी की त्यांचा पट्टा तुटता कामा नये. कोणते उपकरण कोणत्या वर्गात बसते हे ठरविणे ही निवडीची पहिली पायरी होय, आणि आम्ही चुकलो ती तेथेच.

वहिनींना फुफ्फुसाच्या विकारामुळे रात्री प्राणवायूचे यंत्र लावावे लागते. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे हे यंत्र सुमारे ३५० वॅट वीज घेते. आमच्याकडे हजार व्होल्ट-अँपिअरचा इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी होती. विकणाऱ्याने ‘घर रात्रभर चालेल’ असे सांगितले, आणि आम्ही मान डोलावली. तीन वर्षांनंतर जून महिन्यात एका रात्री वादळ झाले, झाड तारांवर पडले आणि नऊच्या सुमारास वीज गेली. यंत्र, दोन पंखे व चार दिवे चालू होते. साडेदहाच्या सुमारास इन्व्हर्टर शिटी वाजवू लागला आणि पाचच मिनिटांत सर्व बंद पडले. वहिनी उठून बसल्या. त्यांना बोलवेना. पुतण्या मोटार घेऊन बुऱ्हाणपूरला गेला आणि सिलिंडर घेऊन दीड वाजता परतला. तोवरचे तीन तास आम्ही पुठ्ठ्याने वारा घालीत काढले. ते तीन तास आमच्या घरात कोणी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दीडशे अँपिअर-तास गुणिले बारा व्होल्ट म्हणजे अठराशे वॅट-तास, अर्थात १.८ युनिट. हे झाले बारदानासकट वजन. दीडशेचा आकडा हा वीस तासांत सावकाश रिकामी केलेल्या बॅटरीचा असतो. तीच दोन-तीन तासांत ओढली तर ती पुष्कळ कमी देते. इन्व्हर्टर दहा ते पंधरा टक्के स्वतः खातो. शिशाची बॅटरी पुरती रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून शहाणा माणूस निम्मीच वापरतो. शिवाय तीन उन्हाळ्यांची घट. उष्णतेने अशा बॅटरीचे आयुष्य ओसरते. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांस ते सुमारे निम्मे होते असा ठोकताळा आहे, आणि आपल्याकडील वैशाख कसा असतो हे वाचक जाणतातच. आमचा भार होता सुमारे ५४० वॅट. दीड तास चालली हेच विशेष! विकणारा खोटे बोलला असे आम्ही म्हणत नाही. त्याने बारदानासकट वजन सांगितले आणि आम्ही ते निव्वळ समजलो.

येथे वॅट आणि वॅट-तास यांतील भेद नीट ध्यानात घ्यावा. वॅट म्हणजे पोत्याचे तोंड, एका वेळी किती धान्य बाहेर पडू शकेल ते. वॅट-तास म्हणजे पोत्यात एकंदर किती धान्य आहे ते. हल्ली ‘पॉवर स्टेशन’ या नावाने मिळणाऱ्या मोठ्या पेट्यांत बॅटरी, इन्व्हर्टर व चार्जर एकत्र बसविलेले असतात. त्यांच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत बहुधा वॅट असतात. वॅट-तास शोधावे लागतात. तोंड मोठे आणि पोते लहान अशी पेटी मिक्सर दहा मिनिटे उत्तम चालवील, पण रात्र काढणार नाही. पोते मोठे आणि तोंड लहान असले तर उलट अडचण. पाण्याच्या एक अश्वशक्तीच्या मोटारीस चालू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज लागते, आणि लहान तोंडाची पेटी तेथे अडते. शीतपेटीचेही काही अंशी तसेच आहे.

आता आमचा दुसऱ्या खेपेचा हिशेब पाहावा. रात्रीचे दहा तास धरले. प्राणवायूचे यंत्र ३५०० वॅट-तास. जुने पंखे काढून तीस वॅटचे नवे दोन बसविले, ते ६०० वॅट-तास. दिवे मिळून १०० वॅट-तास. सूर्यास्तापूर्वी जेवण होत असल्यामुळे आमच्या घरी रात्री स्वयंपाकघराचा भार जवळजवळ नसतो. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो मिळवावा. बेरीज ४२०० वॅट-तास. पेटीवर लिहिलेल्या आकड्यापैकी प्रत्यक्ष पंच्याऐंशी टक्के हाती येतील असे धरून भागाकार केला, तर सुमारे ४९५० येतात. पुढे बॅटरी जुनी होऊन ऐंशी टक्क्यांवर येईल तेव्हाही रात्र निभावली पाहिजे, म्हणून सहा युनिटांहून किंचित अधिक. एवढी मोठी पेटी आमच्या ऐपतीत बसली नाही. आम्ही पाच युनिटांची घेतली आणि उरलेल्या वेळेसाठी प्राणवायूचा एक मध्यम, दीड घनमीटरचा सिलिंडर भरून ठेवला. मिनिटास दोन लिटर या प्रमाणाने तो बारा तास पुरतो. रोग्याचा श्वास एकाच बॅटरीवर टांगून ठेवू नये, ती कितीही महाग असो. वैद्याशी बोलून दुसरी सोय आधी करावी व मग बॅटरीच्या दुकानाची पायरी चढावी.

आत कोणते रसायन आहे हे अवश्य विचारावे. लिथियमच्या बॅटऱ्यांत अनेक जाती आहेत. घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची जात आम्ही पसंत केली, कारण ती उष्णतेत अधिक स्थिर राहते व सामान्यतः तीन हजार किंवा त्याहून अधिक वेळा भरता-रिकामी करता येते. शिशाची बॅटरी याच्या बऱ्याच आधी थकते, पण तिची मूळ किंमत कमी असते आणि दुरुस्त करणारा गल्लोगल्ली भेटतो. ज्यांच्याकडे तासाभराहून अधिक वीज जात नाही व केवळ दिवे-पंखेच चालवावयाचे आहेत त्यांनी उगाच महागाच्या मागे लागू नये, असे आमचे प्रामाणिक मत आहे. किमतीची तुलना करताना पेटीच्या किमतीस निव्वळ युनिटांनी भागावे व त्यास पुन्हा हमी दिलेल्या आवर्तनांनी भागावे. जो आकडा येईल तोच खरा भाव.

छतावर सौर तावदाने आहेत तेव्हा बॅटरीची गरज नाही, असे दोघा-तिघा मित्रांनी आम्हांस सांगितले. हा समज चुकीचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पी. एम. सूर्यघर योजनेखाली तीन किलोवॅटच्या यंत्रणेस ७८,००० रुपये अनुदान जाहीर झाले, ही गोष्ट लाभाची खरीच. परंतु केवळ वीजवाहिनीशी जोडलेली अशी यंत्रणा वाहिनी बंद पडताच, भर दुपारीसुद्धा, आपोआप बंद होते. खांबावर काम करणाऱ्या मनुष्यास धक्का बसू नये म्हणून तशी योजना मुद्दाम केलेली आहे. याच कारणास्तव दोन्ही टोकांस पिना असलेली तार करून पेटीची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरात सोडण्याचा खटाटोप कोणीही करू नये. ती वीज उलट खांबापर्यंत पोहोचते आणि एखाद्याचा जीव घेते. बदल-स्विच परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा.

आपल्या धंद्यातील बांधवांस आणखी एक सांगणे आहे. पेटी गोदामात ठेवू नये. कीड मारण्यासाठी आपण अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो. त्यांतून सुटणारा फॉस्फीन वायू तांबे खातो आणि नाजूक विद्युत-यंत्रे निकामी करतो. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते, आणि धान्याची धूळ हवेत भरलेली असताना एक ठिणगीही पुरेशी होते. आम्ही ओसरीच्या उत्तरेकडील भिंतीशी, जमिनीपासून हातभर उंच, ऊन न लागणाऱ्या जागी फळी ठोकली आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्यास न देता विक्रेत्याकडे परत केली. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

नवी पेटी आणल्यावर पावतीवर विसंबून न राहता आम्ही ती तोलली. एका रविवारी सकाळी पूर्ण भरून मुख्य स्विच बंद केला, प्राणवायूचे यंत्र व पंखे लावले आणि घड्याळ घेऊन बसलो. अकरा तासांहून थोडे कमी चालली. जावयांनी ती वेळ भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी पुन्हा तोलून तिच्याखाली नवी वेळ लिहितो. आठ तासांच्या आत आली की दुसरी घ्यावयाची, असे वहिनींच्या समक्ष ठरले आहे.