घंटा वाजते, पण फोन लागतो का?

दुकानाला, पतसंस्थेला किंवा गोदामाला चोरीचा अलार्म बसवलेला असेल, तर आज संध्याकाळी एवढं करा. शटर पाडा, अलार्म चालू करा, मागच्या दाराचा सेन्सर मुद्दाम छेडा आणि खिशातला मोबाईल वाजतो का ते पाहा. भोंगा वाजला म्हणून खूश होऊ नका. रात्री दोन वाजता लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत भोंगा ऐकायला जागं कोण असतं?

जुन्या यंत्रांत ऑटो डायलर असतो. लँडलाइनवरून तो ठरलेले चार-पाच नंबर फिरवतो आणि रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवतो. पण लँडलाइन कुणी बंद केली, कुणाची तार रस्ता खोदताना तुटली ती पुन्हा जोडलीच नाही, कुणी फायबर घेतलं. डायलर मात्र भिंतीवर हिरवा दिवा लावून तसाच बसलेला.

नांदेडच्या मोंढ्यात एका मित्राच्या बियाण्यांच्या दुकानात आम्ही ही चाचणी घेतली. त्याची लाइन जिवंत होती. डायलरने टकाटका नंबर फिरवला आणि पलीकडून बाईंचा आवाज आला, की मोबाईल नंबरच्या आधी शून्य लावा. यंत्राला ते काय कळणार? त्याने त्या बाईंनाच निरोप दिला: ‘दुकानात चोर शिरले आहेत, लवकर या.’ दोनदा दिला आणि गप्प झालं. लँडलाइनवरून मोबाईलला शून्य लावणं १५ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. यंत्रातले नंबर त्याआधीचे होते. म्हणजे इतकी वर्षं अलार्म होता, फोन नव्हता. यादीतला तिसरा नंबर तर वडिलांच्या घरच्या लँडलाइनचा निघाला, कधीच परत केलेल्या.

म्हणून लाइन चालू असेल तर आधी हे फुकटचं काम उरका: प्रत्येक मोबाईल नंबरच्या आधी शून्य घाला आणि यादीतले लँडलाइन नंबर एकेक करून लावून बघा. पोलीस ठाण्याचा नंबर घातला असेल तर तोही वाजतो का पाहा. ११२ मात्र डायलरमध्ये परस्पर घालू नका. उंदराने सेन्सर हलवला तरी रेकॉर्ड केलेला निरोप तिथे जाईल. आधी ठाण्यात जाऊन विचारा.

लाइन गेली असेल किंवा जाणार असेल तर तीन वाटा आहेत. खालचे आकडे बाजारातले ढोबळ आहेत. दोन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या आणि १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, हे त्यातच लिहून घ्या.

पहिली वाट स्वस्त आहे. फायबर मोडेमला फोनचं सॉकेट असेल तर डायलरची वायर त्यात जाते. जुना नंबर फायबरवर घेता येतो का, हे बीएसएनएलच्या ग्राहक सेवा केंद्रात विचारा. फायबर बऱ्याचदा स्थानिक केबलवाल्यामार्फत येतं आणि तो बिनसॉकेटचा मोडेम टेकवतो, तेव्हा आधीच बजावा. खरी मेख विजेची. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरचा मोडेम तुमच्या विजेवर चालतो. महावितरणने लाइट घालवली किंवा चोराने मेन स्विच पाडला की संपलं. मोडेमला छोटा यूपीएस लावा: हजार ते दोन हजार रुपये.

दुसरी वाट म्हणजे जुनं यंत्र ठेवून शेजारी सिमकार्डाचा डबा बसवणं. हा डबा डायलरला लँडलाइनसारखाच वाटतो. साधारण तीन ते सहा हजार.

तिसरी, सिमवर चालणारं नवं पॅनेल. साधं सात-आठ हजारांपासून, जास्त सेन्सरचं पंधरा हजारांपर्यंत. इथे ‘सगळं बदलावं लागेल’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. वायरचे जुने सेन्सर आणि भोंगा बहुतेक नव्या पॅनेलवर चालतात. बिनवायरचे चालतीलच असं नाही. जोडून दाखवायला सांगा, मग पैसे मोजा.

आता सिम. माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. स्वस्त पॅनेल टू-जीवर चालतात आणि जिओकडे टू-जी नाहीच, त्यामुळे ते सिम त्यात मुकं राहतं. खोक्यावर ‘४जी’ लिहिलेलं पुरेसं नाही. व्होएलटीईवर, म्हणजे ४जीवरूनच, कॉल जातो का, हे विचारा. सिम तुमच्याच नावावर घ्या. मिस्त्री ‘माझ्याकडे चालू सिम आहे’ म्हणून स्वतःचं घालून जातो; पुढे त्याचा नंबर बंद पडला की तुमचा अलार्मही बंद. वैयक्तिक नावावर आधार पुरतं. फर्मच्या नावावर गुमास्ता किंवा जीएसटी प्रमाणपत्र, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि त्याचं आधार लागतं. सिम बहुतेक त्याच दिवशी चालू होतं, पॅनेल बसवायला अर्धा दिवस जातो.

रिचार्जचं तर विसरूच नका. या सिमला इंटरनेट लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणले, तेव्हा वर्षाचा पॅक १,८५० रुपयांच्या आसपास होता. तोच मागा, दुकानदार डेटाचा गळ्यात मारतो. मुदत संपली की कॉल जात नाही आणि ९० दिवस सिम वापरलंच नाही तर नंबरही जाऊ शकतो. अलार्मचं सिम एरवी झोपलेलंच असतं, म्हणून महिन्याला एक चाचणी कॉल कराच.

पॅनेल भिंतीला ठोकण्याआधी त्याच कंपनीचं सिम असलेला मोबाईल त्या जागी धरा, शटर पाडा आणि फोन लावा. लोखंडी शटरमागे रेंज गळते. अँटेना बाहेर काढायची वायर काही शे रुपयांत येते. ती कोटेशनमध्येच धरा.

छुपे खर्च आणखी आहेत. पॅनेलच्या आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते: हजार-बाराशे. वार्षिक देखभाल करारात ती सहसा नसते, रिचार्जही नसतो. तंत्रज्ञ हैदराबाद किंवा पुण्याहून येणार असेल तर प्रवासखर्च वेगळा लागतो, तेव्हा गावातला माणूस पाहा. पॅनेलचा पासवर्ड लिहून घ्या, नाहीतर नंबर बदलायलाही त्यालाच बोलवावं लागेल.

चोरीचा विमा असेल तर अर्जात अलार्मचा उल्लेख आहे का, ते काढून बघा. असेल तर यंत्र चालू ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. बदल केल्यावर बिलाची प्रत जोडून विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

जुनी लाइन घाईने परत करू नका. नवं यंत्र आधी मेन स्विच पाडून, शटर बंद करून दोनदा तपासा. मग लाइन बंद करण्याचा लेखी अर्ज द्या, शेवटचं बिल भरा, पोच घ्या आणि त्याच अर्जात अनामत परत मागा, बँक खात्याचा तपशील लिहून. रक्कम आली नाही तर फोन कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. तिथेही दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही.