दम आणि बळ : व्यायामाचा आठवडा कसा आंखावा?

तेरखेड्याजवळून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेनें पहांटे धांवणारे तरुण पाहिले म्हणजे आम्हांस मोठा संतोष वाटतो. त्यांतील पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पोलीस भरती असते. परंतु व्यायाम कसा करतां, असें विचारल्यास बहुतेकांचें उत्तर एकच येतें : "रोज धांवतों, आणि रोज जोर-बैठकाही काढतों." उत्साह उत्तम, तथापि योजना नाहीं. व्यायाम किती करावा यापेक्षां तो कोणत्या दिवशीं कोणता करावा, याचा विचार आम्ही येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम दम आणि बळ यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. सावकाश, पुष्कळ वेळ धांवलें असतां हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त बाहेर टाकूं लागतें, व स्नायूंस प्राणवायूचा पुरवठा चांगला होतो. यास दम म्हणावें. उलट जोर, बैठका, मल्लखांब किंवा वजन उचलणें यांनीं स्नायूंवर मोठा ताण पडतो. विश्रांतींत त्यांची भरपाई होतांना ते पूर्वीपेक्षां सबळ होतात. हें बळ होय. सारांश, स्नायू व्यायामाच्या वेळीं वाढत नाहींत, व्यायामानंतरच्या विसाव्यांत वाढतात. हें एक तत्त्व समजलें म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप समजतात.

महाराष्ट्रास ही विद्या नवी नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभट्टदादा देवधर यांनीं मल्लखांबविद्येस नवें तेज दिलें. १९१४ सालीं अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें. आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. कुस्तीचें मर्मच असें कीं, तेथें एकटें बळ पुरत नाहीं आणि एकटा दमही पुरत नाहीं. खो-खोचेंही तसेंच. आपल्याच जिल्ह्यांतील सारिका काळे यांस २०२० सालीं खो-खोसाठीं अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या खेळांत खुंटापासून खुंटापर्यंत धांवण्यास दम लागतो, तर बसल्या जागेवरून क्षणांत उठण्यास मांड्यांचें बळ लागतें.

मग दोन्ही व्यायाम रोज भरपूर केले तर काय बिघडलें? या प्रश्नाचा शास्त्रीय शोध रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकानें घेतला व तो १९८० सालीं प्रसिद्ध केला. त्यानें एका गटास केवळ बळाचा, दुसऱ्यास केवळ दमाचा, आणि तिसऱ्यास दोन्ही व्यायाम दहा आठवडे दिले. तिसऱ्या गटाचा दम चांगला वाढला. परंतु त्यांचें बळ सुमारें सात आठवडे वाढून थांबलें, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घटूं लागलें. यावरून दोन्ही व्यायाम एकमेकांचे वैरी आहेत असें मात्र समजूं नये. दोन्ही बेताचे ठेवून मध्यें विश्रांति दिल्यास दोहोंचा लाभ होतो. आग्रह अतिरेकाचा नसावा, इतकाच बोध घ्यावयाचा.

भरतीचा हिशेबही हेंच सांगतो. २०२२-२३ च्या पोलीस शिपाई भरतींत मैदानी चांचणीच्या ५० गुणांपैकीं मोठ्या धांवेस २० (मुलांस १६०० मीटर, मुलींस ८०० मीटर), शंभर मीटरच्या धांवेस १५ व गोळाफेकीस १५ गुण होते. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. म्हणजे जो केवळ लांब धांवण्याचाच सराव करतो, तो उरलेल्या ३० गुणांकडे पाठ फिरवितो! वेगाची धांव व गोळाफेक या दोहोंस स्नायूंचें बळच पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं असें सांगितलें आहे कीं, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनत करावी, आणि आठवड्यांतून निदान तीन दिवस हाडें व स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. शेतांतील काम व शाळेपर्यंतची पायपीट याही मेहनतींत मोडतात. हें सर्व ध्यानीं घेऊन आम्ही वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं पुढील आठवडा सुचवितों :

सोमवार – बळ : जोर, बैठका, मल्लखांब, सुमारें अर्धा तास.
मंगळवार – दम : तीस मिनिटें सावकाश धांवणें. शेजाऱ्याशीं बोलतां येईल इतकीच गति ठेवावी.
बुधवार – खेळ : खो-खो किंवा कबड्डी, आनंदापुरती.
गुरुवार – बळ : सोमवारप्रमाणें, शेवटीं गोळाफेकीचा सराव.
शुक्रवार – वेग : ४०० मीटर चार वेळां, प्रत्येक फेरीनंतर दम पूर्ववत् होईपर्यंत चालणें.
शनिवार – हलकें बळ : रस्सीओढ, लंगडी, थोडे जोर.
रविवार – विश्रांति : फार तर घरच्यांसह फेरफटका.

बळाच्या दोन व्यायामांत निदान ४८ तासांचें अंतर राहावें, म्हणून ही मांडणी केली आहे. एकाच दिवशीं दोन्ही करणें भाग पडल्यास एक सकाळीं व दुसरा संध्याकाळीं करावा. तेंही न जमल्यास ज्यांत आपण उणे आहों तो आधीं करावा. व्यायामाचें प्रमाण दर आठवड्यास थोडथोडें वाढवावें. जाहिरात निघाल्यावर एका महिन्यांत सर्व उरकूं पाहणाऱ्यांच्या नडगीचें हाड दुखूं लागतें, आणि चांचणीच्या दिवशीं ते घरीं बसतात. वर्षभराची आशा अशी आठ दिवसांच्या घाईनें वायां जाते.

पालकांसही दोन शब्द. जोर-बैठकांनीं मुलांची उंची खुंटते ही समजूत निराधार आहे. जाणत्याच्या देखरेखीखालीं, झेपेल इतका व्यायाम हितकरच असतो. मुलींसही हेंच पत्रक लागू आहे. त्यांस मैदानावर येण्यास घरच्यांनींच धीर द्यावा. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, आणि शक्य तेव्हां दूध किंवा अंडें एवढा आहार व पुरेशी झोंप मिळाली तर महाग चूर्णांची गरज नाहीं. उन्हाळ्यांत सूर्य वर येण्यापूर्वींच धांवणें आटपावें. अंधारांत महामार्गावर मात्र धांवूं नये. शाळेचें मैदान किंवा शेतरस्ता बरा. आपलें गांव शोभेच्या दारूकामासाठीं प्रसिद्ध आहे. धूर कोंडलेला असेल त्या दिवशीं धांवणें सोडून घरींच बैठका काढाव्या.

दारूकामाचा बाण क्षणांत आकाश उजळतो व क्षणांत विझतो. शरीरसंपत्ति तशी नव्हे. ती समईच्या ज्योतीप्रमाणें रोज थोड्या तेलानें जपावी लागते. विद्यार्थ्यांनो, हें पत्रक वहींत उतरून घ्या, आणि त्यांतील रविवारही सोमवाराइतक्याच निष्ठेनें पाळा.